इक्वेडोरच्या किनाऱ्यावरचं मासळीचं जेवण : काय मागवावं, कसं खावं, घरी जमेल का?

शमिका_माल
जानेवारीत आम्ही चौघं गालापागोसला जाऊन आलो. जाताना ग्वायाकिल या इक्वेडोरच्या बंदराच्या शहरात दोन रात्री काढल्या. तिथूनच बेटांचं विमान धरायचं होतं, म्हणून थांबलो इतकंच. पण परत आल्यापासून मला कासवांच्या बरोबरीनं त्या दोन दिवसांतलं जेवण आठवतंय, म्हणून हा धागा.

हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं, एनसेबोयादो (माशाचा कांदा घातलेला रस्सा) खायचं तर सकाळी जा, दुपारपर्यंत संपतं. टॅक्सीही तिनंच बोलावून दिली. छोटी, घरगुती खाणावळ असते, तिला तिकडे 'वेका' म्हणतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, सहा-सात टेबलं, दारातच मोठं पातेलं. पातेल्याशेजारी एक बाई लाल कांदा चिरत होती. इतका बारीक, की काप उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. मग त्याला मीठ चोळलं, पाण्यातून काढला, घट्ट पिळला आणि वर चार-पाच लिंबं पिळली. माझ्या डोळ्यांदेखत कांद्याचा रंग राणी झाला. त्यात टोमॅटो, कोथिंबीर. हे झालं त्यांचं कुर्तिदो.

मग वाडगा आला. खाली युका नावाच्या कंदाचे मऊ तुकडे, त्यावर आल्बाकोराचे, म्हणजे टूना जातीच्या माशाचे, हातानं मोडलेले जाड तुकडे, वर दाटसर गरम रस्सा आणि रश्शावर त्या कांद्याचा डोंगर. सोबत हिरव्या केळ्याच्या चकत्या, म्हणजे चिफ्लेस. साडेतीन डॉलर. नवरा म्हणाला, सकाळी साडेआठला माशाचा रस्सा? मी म्हटलं, तू मिसळ किती वाजता खातोस?

संध्याकाळी एका बऱ्या हॉटेलात कोळंबीचं सेविचे (लिंबाच्या रसातला थंड पदार्थ) आणि एनकोकादो (नारळाच्या दुधातली मासळी) घेतलं. सेविचेसोबत चक्क लाह्या आल्या. धाकटा खूष.

आता प्रश्न:
सेविचे पातळ, लालसर, सारासारखं होतं आणि कोळंबी उकडलेली. पेरूची राजधानी लिमा, तिथे राहिलेली एक मैत्रीण म्हणते, ते सेविचेच नव्हे. खरं काय?
मेनूवर 'विचे' नावाचं शेंगदाण्यातलं मासळीचं सूप होतं, ते घ्यायचं राहिलं. कुणी खाल्लंय का?
आणि पुण्यात एनसेबोयादो जमवायचं तर मासा कुठला, कंद कुठला?

गालापागोसला जाणारे बहुतेक जण किनाऱ्यावर नुसतं विमान बदलतात. निदान दोन जेवणं तरी तिथे करा, असं माझं ठाम मत आहे.

भाकरीभक्त
तोंपासु. रश्शात लाह्या ही कल्पना फार आवडली. वाचतोय.

लिमाची_लेक
तुमची मैत्रीण बरोबर आहे. मी चार वर्षं लिमाला होते. सेविचे म्हणजे कच्चा ताजा मासा, लिंबू, मीठ, मिरची, कांदा. दहा मिनिटांत ताटात. बाजूला रताळं आणि मोठ्या दाण्यांचा मका. लिंबाच्या रसात माशाचा अर्क उतरतो, त्याचा शेवटचा थेंबसुद्धा पितात. २०२३ साली युनेस्कोनं पेरूच्या सेविचेला वारशाच्या यादीत घेतलं. उकडलेली कोळंबी टोमॅटोच्या रसात घातली की ती छान कोशिंबीर होते, सेविचे नाही.

क्वीन्सकर
लिमाची_लेक, हे माझ्या शेजारच्या आजीसमोर बोलू नका, त्या ग्वायाकिलच्या आहेत :)

कोळंबी उकडतात, पण उकडल्यावरचं पाणी टाकत नाहीत. त्याच पाण्यात लिंबू, कुठे संत्र्याचा रस, कुठे टोमॅटो, असा तो रस तयार होतो. म्हणून पातळ असतो आणि चमच्यानं खातात. वर लाह्या, भाजलेला मका, चिफ्लेस टाकत जायचं आणि मऊ पडायच्या आत खायचं. टेबलावर केचप आणि मोहरीची पेस्ट असते, काही जण तीही ढवळतात. मी ढवळत नाही.

आणि तिथे सगळंच उकडलेलं नसतं. 'कोंचा' म्हणून काळी शिंपली येते, खारफुटीच्या चिखलात हातानं शोधून काढलेली. तिचं सेविचे कच्चंच असतं, रस शाईसारखा काळा. पहिल्यांदा बघताना धीर लागतो. मानाबी प्रांतात हिपिहापा गावाच्या पद्धतीचं सेविचे शेंगदाण्याची पेस्ट आणि अवोकाडो घालून करतात. म्हणजे एका देशातच तीन-चार तऱ्हा. पेरूचं एक, यांचं एक. दोन्ही खावीत.

आम्ही न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर वाणसामान घ्यायला जातो. तिथून रूझवेल्ट अव्हेन्यूवर आलं की डोक्यावरून ७ नंबरची गाडी धडधडत जाते आणि खाली ओळीनं इक्वेडोरी खाणावळी. शनिवार-रविवारी सकाळी एनसेबोयादोसाठी उभं राहायला जागा नसते. आदल्या रात्री जास्त झालेली मंडळीही असतात. उतारा म्हणून त्याचं नाव आहेच. आजींनी मला एकच शिकवलं : आधी लिंबू न पिळता दोन घोट घे, रस्सा कसा जमलाय ते कळू दे, मग पीळ.

बंदरवाला
ग्वायाकिल वाचलं आणि धागा उघडला. १९९६ ते २००३ मी केळी नेणाऱ्या रीफर, म्हणजे शीतगृहाच्या जहाजांवर होतो. समुद्रातून पायलट (बंदराची वाट दाखवणारा) घेऊन आत शिरलं की खाडीतून तासन्‌तास प्रवास. दोन्ही बाजूंना खारफुटी, पाणी चहाच्या रंगाचं, मधेच एखादी होडी खेकडे घेऊन. बंदराला लागलो की चोवीस तास खोकी चढायची आणि आमचं काम एकच, तापमान १३ अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. जरा वर गेलं की केळी पिकायला लागतात, खाली गेलं की सालं काळवंडतात.

सुरुवातीच्या खेपांना तिथे सुक्रे हे त्यांचं जुनं चलन चालायचं. खेकड्याच्या बिलाला नोटांची थप्पी द्यावी लागे. २००० साली त्यांनी डॉलर घेतला, तेव्हा एका डॉलरला २५,००० सुक्रे असा भाव ठरला. आम्ही नेहमी जायचो त्या म्हातारबांनी आयुष्यभर साठवलेले पैसे बदलून घेतले, ती रक्कम त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवली होती. त्या दिवशी खेकडा गळ्याखाली उतरला नाही.

शमिकाताई, तुमचं कांग्रेहादा, म्हणजे खेकड्यांची मेजवानी, राहिली याची मला हळहळ वाटते. लाल खेकडे बिअर आणि मसाल्याच्या पाल्यात उकडतात. प्रत्येकाला एक लाकडी फळी आणि एक लाकडी हातोडी. फळीवर नांगी ठेवायची आणि ठोकायची. सगळं हॉटेल ठकठक करत असतं. सोबत लिंबातला कांदा-टोमॅटो आणि उकडलेलं केळं. दोन तासांशिवाय उठायचं नाही. आमच्या जहाजावर देवगडचा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होता, त्यानं हातोडीला हातच लावला नाही. दातांनी आणि बोटांनी सहा खेकडे साफ केले. कवच असं अखंड ठेवलं होतं की वाढणाऱ्या बाईनं आतून मुलांना बघायला बोलावलं.

सातपाटीकर
वा अण्णा, बोसनचा किस्सा खास.
खेकड्यांना तिकडे बंदीचा काळ असतो का?

बंदरवाला
असतो. वर्षातून दोनदा. एकदा जोड्या जमायच्या वेळी, एकदा कात टाकायच्या वेळी. कात टाकायची बंदी १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. त्या दिवसांत नुसतं पकडायला नाही, विकायला आणि वाढायलाही मनाई. कुणी तेव्हा खेकडा वाढला तर तो गोठवलेला तरी असतो नाहीतर चोरीचा.

सातपाटीकर
हे चांगलं आहे. आपल्याकडे १ जूनपासून होड्या वर ओढतो, पण ते एकजात सगळ्या मासळीला. एकेका जिवाचं वेळापत्रक बघून बंदी घालणं मला पटतं. अंड्यांवर आलेली चिंबोरी खायचा आपल्याकडे जो सोस आहे, त्यानं माझा जीव जळतो.

मृद्गंधा
शाकाहाऱ्यांचं काय होतं तिथे? ऑगस्टमध्ये जायचं चाललंय.

क्वीन्सकर
उपाशी राहणार नाही. भात आणि मसुराची किंवा घेवड्याची मेनेस्त्रा, पाताकोनेस, म्हणजे हिरव्या केळ्याचे काप तळून, चेपून, पुन्हा तळलेले. चीज घातलेला बोलोन, कुटलेल्या हिरव्या केळ्याचा मोठा गोळा. तिग्रियो म्हणजे केळं, चीज, अंडं परतलेलं. फक्त प्रत्येक ठिकाणी विचारा : 'मान्तेका' आहे का? बोलोन डुकराच्या चरबीत परतायची चाल आहे, मेनेस्त्रातही कधी असते. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही.

कोकणकडा_७
सगळं वाचून एकच वाटलं, हे तर आपलंच जेवण! एनकोकादो म्हणजे आपली नारळाच्या रसातली मासळीची आमटी, कुर्तिदो म्हणजे आपली कांद्याची कोशिंबीर, पाताकोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे काप. मग एवढं लांब कशाला जायचं?

आंबटगोड
कोकणकडा, नारळ दिसला की 'आपलंच' म्हणायची घाई नको. एनकोकादो आहे इक्वेडोरच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एस्मेराल्दासचं, आणि त्या जेवणामागे माणसं आहेत. १५५३ साली पनामाहून निघालेलं एक जहाज त्या किनाऱ्यावर फुटलं. त्यात गुलाम म्हणून चालवलेले २३ आफ्रिकी लोक होते, १७ पुरुष आणि ६ बायका. ते जंगलात निसटले, तिथल्या मूळ रहिवाशांत मिसळले आणि पुढे त्यांच्यातल्या आलोन्सो दे इयेस्कासच्या नेतृत्वाखाली तो मुलूख स्पॅनिशांना दाद देत नव्हता. १५९९ सालचं एक चित्र माद्रिदच्या म्युझिओ दे अमेरिकात आहे : एस्मेराल्दासचे तीन कृष्णवर्णी सरदार, गळ्याभोवती पांढरी झालरीची कॉलर, नाकाकानात सोनं, हातात भाले. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

एनकोकादो त्या लोकांच्या वंशजांचं जेवण आहे. नारळाच्या दुधात मासा किंवा कोळंबी, आणि त्यात चियांग्वा नावाचा पाला. लांब, दातेरी पानं, कोथिंबिरीच्याच वासाची पण तिच्याहून कितीतरी उग्र. हळद नाही, आमसूल नाही, वाटण नाही. आमटीच्या अपेक्षेनं पहिला घास घेतला तर फिकं लागेल. अपेक्षा बाजूला ठेवली तर नारळ आणि पाला एकमेकांत कसे मुरलेत ते कळतं.

शमिका_माल
आंबटगोड, हे मला कुणी जायच्या आधी सांगायला हवं होतं. मी टेबलावर बसून अगदी तेच केलं, 'सोलकढी असती तर' असं तीनदा म्हणाले. आणि अर्ध्या ताटानंतर बोलायची थांबले, कारण तोवर चव लागायला लागली होती.

कोकणकडा_७
आंबटगोड, पटलं. चित्र शोधून बघितलं, डोळे हटत नाहीत. 'लांब कशाला जायचं' हे मागे घेतो.

पाणथळ
'आपलं-त्यांचं' निघालंच आहे तर एक खरा धागा दाखवतो, चवीचा नाही, कोळंबीचा.

आज आपण बाजारातून 'व्हेनामी' म्हणून जी पांढरट कोळंबी आणतो ती मूळची त्याच किनाऱ्याची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिकची. भारतात तिच्या पैदाशीला २००९ साली परवानगी मिळाली आणि पाहता पाहता तळ्यांतून तीच दिसू लागली. जगात सर्वांत जास्त कोळंबी निर्यात करण्यात इक्वेडोर आणि भारत यांचीच चढाओढ असते. २०२२ साली इक्वेडोरनं दहा लाख टनांच्या वर निर्यात केली. दीड-पावणेदोन कोटींचा देश!

यात दुखणंही आहे. तिथली बरीच तळी खारफुटी तोडून झाली. बंदरवाल्यांनी जी बघितली ती उरलेली. खारफुटी गेली की लाल खेकडा जातो, काळी शिंपली जाते आणि ती वेचणाऱ्या बायकांची रोजी जाते. १९९९ साली तळ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तेव्हा खारफुटी तोडून केलेली कितीतरी तळी नुसती पडून राहिली. रायगड-पालघरच्या खाड्यांत मी काम करतो, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाकरीभक्त
+१ पाणथळ. यावर वेगळा धागा काढा.

निवांत_दुपार
विचेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मते त्या किनाऱ्याचा जीव माशात नाही, हिरव्या केळ्यात आणि शेंगदाण्यात आहे, आणि त्याचं माहेर मानाबी. विचेमध्ये भाजलेल्या शेंगदाण्याची पेस्ट दुधात किंवा पाण्यात कालवून रस्सा करतात. त्यात युका, रताळं, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि किसलेल्या हिरव्या केळ्याचे लहान गोळे. मासा अगदी शेवटी, नाहीतर विरघळतो. शेंगदाण्याचं कूट आपण भाजीत, आमटीत घालतो, पण माशात म्हटलं की नाक मुरडतो. मीही मुरडलं होतं. पहिल्या चमच्याला कळलं, तिथे कूट दाटपणासाठी नाही, तोच मसाला आहे. भाजण्यात जरा चूक झाली की सगळं सूप बिघडतं.

त्याच केळ्या-शेंगदाण्याच्या पिठात मासा भरून तळला की कोरविचे. मातीच्या भांड्यात शिजवला की कासुएला. भाजलेला मका आणि शेंगदाणा कुटून केलेली साल प्रिएता टेबलावर चटणीसारखी असते, गरम उकडलेल्या केळ्यावर घालतात. मला घरची चटणी आठवली, पण आंबटगोड रागावतील म्हणून थांबते :)

१६ एप्रिल २०१६ ला मानाबीत ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, गावंच्या गावं पडली. आम्ही २०१८ साली गेलो तेव्हा पेदेर्नालेसमध्ये एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये विचे विकत होती. तिचं हॉटेल पडलं होतं, मातीची दोन भांडी तेवढी वाचली. एक चुलीवर होतं, दुसरं तिनं फडक्यात गुंडाळून मागे ठेवलं होतं. मानाबीची राजधानी पोर्तोव्हिएहो २०१९ साली युनेस्कोच्या पाककलेच्या शहरांत आली, तेव्हा मला ती बाई आठवली.

आंबटगोड
नाही रागावत :) फार सुंदर लिहिलंत.

प्रवासी_पक्षी
बिलाची एक सूचना. समुद्राकाठच्या एका हॉटेलात आम्ही 'आजचा लॉब्स्टर' मागवला, भाव विचारला नाही. तो वजनावर होता, शिवाय कर आणि १०% सेवाशुल्क वेगळं. मुलांसमोर वाद घालत बसलो आणि संध्याकाळ गेली. एप्रिल २०२४ पासून तिथला कर १५% आहे. छोट्या खाणावळीत लिहिलेल्या भावात सगळं धरलेलं असतं, मोठ्या ठिकाणी आधी विचारा.

दुसरं महत्त्वाचं. जानेवारी २०२४ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारामुळे तिथल्या सरकारनं 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' जाहीर केला. ग्वायाकिल आणि एस्मेराल्दास दोन्हीकडे त्याची झळ आहे. मृद्गंधा, जाण्याआधी ताज्या सूचना वाचा, रात्री पायी फिरू नका, टॅक्सी हॉटेलातूनच बोलवा.

मृद्गंधा
धन्यवाद, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. मान्तेका शब्दही लिहून ठेवला.

सातपाटीकर
मूळ प्रश्न मागेच राहिला. शमिकाताई, पुण्यात आल्बाकोरा शोधत बसू नका. कुपा घ्या, तोही त्याच कुळातला. मधली काळी पट्टी काढून टाका, उग्र वास तिचाच. तुकडे मोठे ठेवा, कमी शिजवा, त्याच पाण्यात रस्सा करा. सुरमई घालाल तर चांगलं लागेल, पण ते एनसेबोयादो होणार नाही. त्याला मांसल, कोरडा मासाच हवा.

क्वीन्सकर
युका म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तो कंद. केरळी दुकानात 'कप्पा' म्हणून मिळतो, इकडे गुजराती दुकानात 'मोगो' म्हणून गोठवलेला. जाड साल आणि खालचा गुलाबी पापुद्रा दोन्ही काढायचे, मधली दोरी काढायची. कच्चा अजिबात खायचा नाही, त्यात विषारी अंश असतो. पूर्ण मऊ शिजवायचा. थोडा युका घोटून रश्शात परत घालतात, दाटपणा त्याचा. मसाला साधा : कांदा, टोमॅटो, जिरं, मिरची, कोथिंबीर. लिंबाची चिंता नको, त्यांचं लिमोन सुतिल म्हणजे आपलं कागदी लिंबूच.

शमिका_माल
केलं! रविवारी सकाळी गणेश पेठेतून कुपा आणला, कप्पा कॅम्पातल्या केरळी दुकानातून. पहिल्यांदा रस्सा पाणचट झाला, मग तुमचं वाचून कंद घोटून घातला आणि एकदम जमून आला. कांद्याला मात्र माझा हात तेवढा बारीक चालला नाही. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, दे इकडे. त्यांनी विळीवर असा चिरला की त्या बाईची आठवण झाली. लिंबू पिळल्यावर रंग बदलला तेव्हा त्याही वाकून बघायला लागल्या.

धाकट्यानं लाह्या टाकून दोन वाडगे खाल्ले. सासूबाईंनी आधी लिंबाशिवाय दोन घोट घेतले, क्वीन्सकरांच्या आजींचं मी सांगितलं होतं म्हणून. मग म्हणाल्या, जिरं जरा जास्त झालंय.

चिफ्लेस मात्र फसले. साधी कच्ची केळी घेतली, तेल प्यायली आणि मऊ पडली.

केळवे_माहीम
ताई, साधी भाजीची केळी नकोत. वसई-केळव्याकडची राजेळी घ्या, ज्याची सुकेळी करतात ती. त्यांचं ते केळं आणि राजेळी दोन्ही पिठूळ. पण विक्रेता पिकलेलीच देईल, कारण लोक सुकेळी नाहीतर गोडाच्या कापांसाठी नेतात. हिरवीगार, अजिबात न पिकलेली हवीत म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. काप पाण्यात न टाकता थेट तेलात सोडा.

शमिका_माल
दादरला येते आहे शुक्रवारी, तिथे मिळतील का? मिळाली तर या रविवारी विचे. निवांत_दुपार, शेंगदाणे सालासकट भाजायचे की सोलून?

निवांत_दुपार
सालासकट मंद आचेवर भाजा, मग चोळून सालं काढा. काळा डाग पडलेला एकही दाणा आत जाऊ देऊ नका.